पास्कूकाकांची ट्रायल

आमच्या गाळ्याच्या शटरवर परवा पुन्हा पाटी लागली. ‘पॉवर प्रेस ऑपरेटर पाहिजे. अनुभवी.’ अक्षर माझं, कारण शेठना मराठी बोलता येतं तेवढं लिहिता येत नाही, आणि भिंतीवर लिहायचं काम आलं की सगळ्यांना माझी आठवण येते. पाटी लागली की माणसं येतात. गळ्यात रुमाल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. मी त्यांना बाकावर बसवते, पाणी देते आणि सवयीने आतल्या दाराकडे बघते. तिथून आता कुणी येत नाही. पास्कूकाकांनी गाळा सोडून वर्ष उलटलं, तरी माझी मान काही सुधारत नाही.

मी मूळची कुडाळची. लग्न होऊन एव्हरशाईन सिटीत आले आणि मुलं मोठी झाल्यावर घराजवळ काहीतरी हवं म्हणून वसई पूर्वेच्या या गाळ्यात कामाला लागले. आम्ही कपाटांच्या बिजागऱ्या करतो. काम समजायला फार शिक्षण लागत नाही. साच्यावर पत्रा ठेवायचा, वरून लोखंडी ठोकळा खाली येतो, पत्र्याची बिजागरी होते, ठोकळा वर जातो. मधल्या वेळात हात तिथे राहिला तर हाताचंही तेच होतं. हे मला पहिल्याच दिवशी पास्कूकाकांनी समजावलं होतं, आणि समजावताना स्वतःचा उजवा हात माझ्या टेबलावर ठेवला होता. त्याला अंगठा होता आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. पुढे काही नव्हतं. मी खुर्ची मागे सरकवली.

“घाबरलीस,” ते म्हणाले. “बरी हायेस. टिकशील.”

पास्कूकाका वसईच्या पाचूबंदरचे. कोळ्याचं घर, पण बोटीवर पाय ठेवला की पोटातलं सगळं वर यायचं, म्हणून तरुणपणीच समुद्राला हात जोडून कारखान्यात आलेले. बुटके, रुंद, पांढऱ्या मिशांचे, गळ्यात काळ्या दोऱ्यातला क्रूस. आवाज असा की प्रेस चालू असतानाही ऐकू यावा, आणि प्रेस बंद असली तरी ते तेवढ्याच आवाजात बोलत. स्वभाव नम्र वगैरे अजिबात नव्हता. आपल्यासारखा प्रेस ऑपरेटर वसईत नाही हे ते स्वतःच सांगत, आणि समोरच्याने मान हलवली नाही तर पुन्हा सांगत. शेठच्या वडिलांच्या काळापासूनचे असल्यामुळे शेठलाही ऐकून घ्यावं लागे.

सकाळी आल्यावर त्यांचं पहिलं काम म्हणजे क्रूसाची खूण करणं आणि दुसरं म्हणजे पाचरी शोधणं. आमच्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण माणूस मोठा हुशार प्राणी. एका बटणात लाकडाची पाचर ठोकली की ते कायम दाबलेलं राहतं, मग एक हात मोकळा, काम दुप्पट आणि शेठ खूश. पास्कूकाका मशीनखाली वाकून, डब्यांमागे चाचपून अशा पाचरी शोधून काढायचे आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याला नेऊन द्यायचे. त्याला फुकटचं सरपण. ज्याची पाचर सापडे त्याच्याशी ते दिवसभर बोलत नसत, आणि ते न बोलणं त्यांच्या शिव्यांपेक्षा वाईट असे.

बोटं कशी गेली याच्या त्यांच्याकडे बऱ्याच गोष्टी होत्या. नातेवाइकांच्या पोरांना ते सांगत, मुशी माशाने खाल्ली. शेठच्या गिऱ्हाइकांना सांगत, बायकोने चावली. दर वर्षी नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, ते एक दिवस सुट्टी घेत. पहिल्या वर्षी मी विचारलं, “काका, कुणासाठी मेणबत्ती लावता?”

“आईबापासाठी. नि माज्यासाठी.”

मला वाटलं थट्टा आहे. पण खरंच होतं. बोटं तुटली तेव्हा त्यांच्या आईने ती रुमालात बांधून आणली होती आणि फादरांना विचारून चर्चच्या दफनभूमीत, भिंतीच्या कडेला पुरली होती. माणसाचं मांस आहे, उकिरड्यावर कसं टाकायचं, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून पास्कूकाका त्या जागी मिस्सा झाल्यावर एक मेणबत्ती लावत. “थोडा मी तितं आदीच जाऊन बसलोय,” ते म्हणत. “बाकीचा येतोय सावकाश.” हे सांगताना ते हसत, आणि मीही हसायचे. हसण्यासारखं त्यात काय होतं ते आज मला कळत नाही.

खरी गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. वीज गेली होती, सगळे ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, “दुखलं नाय बाय. ठोकला वर गेला नि मी पुडचा पत्रा उचलाया गेलो. पत्रा उचलंना. मंग बगितलं. मी तवा कुनाला भीत नव्हतो. मशीनला बी नाय.”

नव्या माणसाची ट्रायल घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं ते यातूनच. इतर ठिकाणी ट्रायल म्हणजे माणसाला मशीनवर बसवतात आणि तासाभरात किती नग निघाले ते बघतात. आमच्याकडे मशीन नंतर. आधी पास्कूकाका हातातला फडका खांद्यावर टाकून आतून यायचे, समोर उभे राहायचे आणि आपला उजवा हात पुढे करायचे. शेकहँड. समोरचा माणूस तो हात कसा धरतो, एवढंच ते बघत. हात धरताना जो दचकला, ज्याची बोटं आखडली, तो त्यांच्या हिशोबाने पास. ज्याने सहज धरून हलवला तो नापास. शेठ पहिल्यांदा चक्रावले होते. त्यांना वाटलं, हा म्हातारा उलटं बोलतोय.

“भीती असलेला मानूस द्या मना,” पास्कूकाका म्हणाले. “काम मी शिकवतो. भीती मना शिकवता येत नाय.”

एकदा एक जण आला, अंगात चकचकीत शर्ट, मोबाईलवर स्वतःचे मशीन चालवतानाचे व्हिडिओ. म्हणाला, “चाचा, मैं आँख बंद करके प्रेस चलाता हूँ.” हातही त्याने जोरात हलवला. पास्कूकाकांनी त्याला बसवलं, चहा आणि मस्कापाव मागवला, आणि म्हणाले, “ये भी आँख बंद करके खा.” मग माझ्याकडे वळून, “याला खाऊ घाल नि वाटंला लाव.” नापास झालेल्याला उपाशी पाठवायचं नाही हा त्यांचा नियम होता. त्यामुळे काही लोक दोनदा नापास होऊन गेले असावेत असा माझा संशय आहे.

आणि एकदा भानुदास आला, जालन्याकडचा. त्याने हात धरला आणि विस्तवाला लागल्यासारखा मागे घेतला, मग ओशाळून पँटला पुसत राहिला. पास्कूकाकांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. “हा घ्या शेठ. हा म्हातारा होईल.” भानुदास आजही एक नंबरच्या प्रेसवर आहे, दहा बोटांसकट. पास्कूकाकांच्या देखरेखीखाली एकाही माणसाचं बोट गेलं नव्हतं, आणि हे वाक्य ते चर्चमध्ये प्रार्थना म्हणावी तसं म्हणत.

दसऱ्याला त्यांचं आणि शेठचं भांडण ठरलेलं. शेठ प्रेसला झेंडूची माळ घालत आणि मुहूर्त म्हणून एक नग काढू म्हणत. पास्कूकाका सकाळीच मेन स्विचचे फ्यूज काढून खिशात टाकायचे. “पूजा केलीत ना? मंग आज तिला आराम द्या. फुलं काडाया हात घालील कोनतरी.” शेठ चिडत, पण पेढ्याचा पहिला मान त्यांनाच देत. गाळ्यात एकच ख्रिस्ती माणूस, आणि दसरा कसा पाळायचा हे तोच आम्हाला शिकवायचा.

मग नवी प्रेस आली. मोठी, वेगवान, शेठने कर्ज काढून घेतलेली. तिच्यासाठी कसलेला ऑपरेटर हवा होता. मी पाटी लिहिली, माणसं यायला लागली, आणि पास्कूकाका एकेकाला चहापाव देऊन परत पाठवू लागले. प्रेस प्लॅस्टिक पांघरून उभी. शेठ रोज येऊन तिच्याकडे बघत आणि मग माझ्याकडे, जणू मीच नापास करत होते.

अशात एक दिवस सायमन आला. सायमन म्हणजे पास्कूकाकांचा मुलगा. तिशीचा, उंच, हसरा, बापाच्या अगदी उलट हळू बोलणारा. तो मामाच्या बोटीवर जायचा. बोट विकली गेल्यावर भाईंदरला एका गाळ्यात प्रेस शिकला, आणि आता तो गाळाही बंद पडला होता. घरी बायको, नुकतीच झालेली मुलगी. बायको मासळी विकायची, त्यावर चाललं होतं. पाटी वाचून आला की शेठनेच बोलावलं ते मला माहीत नाही, पण बापाला सांगून आला नव्हता. हातात बापाचा जेवणाचा डबा होता, आणि दुसऱ्या हातात कागदांची पिशवी.

पास्कूकाका आतून आले, फडका खांद्यावर. सायमनला बघून थांबले. मग समोर येऊन उभे राहिले.

“नाव?”

सायमन हसला. “काय चाललंय पप्पा?”

“नाव सांग.”

“सायमन पास्कल.”

पास्कूकाकांनी हात पुढे केला. सायमनने तो धरला. मी अगदी जवळ होते म्हणून मला दिसलं. इतर लोकांना त्या हाताचं काय करायचं ते कळत नसे, त्यांची बोटं रिकाम्या जागेत अडखळत. सायमनचा पंजा मात्र त्या हातात अलगद बसला, जसा रोज बसत असेल तसा. त्या रिकाम्या जागेवर त्याने अंगठाही टेकवला. पास्कूकाका हात सोडेनात. बराच वेळ ते मुलाच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं, आणि ते येणार नाही हेही.

“नाय,” ते म्हणाले. “दुसरा बगा शेठ.”

माझ्या मागे उभे असलेले शेठ उसळले. त्यांनी सायमनला जुन्या प्रेसवर बसवलं, आणि त्याचं काम खरंच सुरेख होतं. भानुदाससुद्धा आपलं मशीन थांबवून बघत राहिला. शेठ म्हणाले, “पास्कूभाई, तुमचा मुलगा आहे. यापेक्षा चांगला माणूस मी कुठून आणू?”

“काम चांगलं हाय. मी कदी नाय म्हनलं?” पास्कूकाकांचा आवाज चढला. “पन त्याला ह्या हाताची भीती नाय. ह्याच हाताला धरून चालाया शिकला तो. त्याला वाटतं हात असाच असतो.”

“मी घेणार त्याला.”

“घ्या. मी उद्यापासनं येनार नाय.”

सायमन उठला, हात पुसले. जाताना माझ्या टेबलावर डबा ठेवून म्हणाला, “ताई, पप्पांना सांगा, गरम हाय तवर खा.” पास्कूकाकांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. संध्याकाळी तसाच घरी नेला.

शेठला पास्कूकाका हवे होते, म्हणून सायमन गेला. आठवड्याच्या आत त्याला आमच्याच औद्योगिक वसाहतीत, मागच्या रस्त्यावर काम लागलं. तिथे त्याला एकच प्रश्न विचारला, कधीपासून येतोस. पास्कूकाका दुपारच्या सुट्टीत जेवण टाकून तिकडे जायला लागले. वॉचमन आत सोडायचा नाही. मग ते समोरच्या कठड्यावर बसून शटरच्या आत बघत राहायचे. पत्रा बोटांऐवजी चिमट्याने ठेवावा म्हणून त्यांनी आपल्या हाताने एक लांब चिमटा तयार केला, मूठ कापडाने गुंडाळली, आणि मुलाला दिला. “घेतला का?” मी विचारलं. “घेतला,” ते म्हणाले. “वापरतो का ते इचारू नको.”

मी एकदा धीर करून म्हटलं, “काका, त्यापेक्षा आपल्याकडेच घेतला असता तर?”

ते बराच वेळ मिशी चावत राहिले. “हितं घेतला असता तर मीच त्याला मशीनवर बसवला असता. माज्या हातानं. ते मना जमनार नव्हतं.”

फोन आला तो दुपारी, चहाच्या वेळेला. मीच उचलला. पलीकडचा माणूस सायमन पास्कलचं घर कुठलं विचारत होता, आणि त्याच्या मागे कुणीतरी पाणी आणा, पाणी आणा म्हणत होतं. मी आत गेले. मला काही सांगावं लागलं नाही. पास्कूकाकांनी मशीन बंद केली, नळावर गेले आणि साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, नीट, घाई न करता. मग म्हणाले, “कुटला दवाखाना?”

मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसले. सायमन खाटेवर होता, उजवा हात मोठ्या बँडेजमध्ये, चेहरा पांढराफटक. तीन बोटं गेली होती. त्याच्या गाळ्यात सगळेच पाचर मारत, हे त्याने आम्ही काही विचारायच्या आत सांगून टाकलं. चिमटा खुंटीला होता. बापाला जवळ बघून तो थोडा हसला, लहान मूल पडून उठल्यावर हसतं तसं, आणि म्हणाला, “पप्पा, दुखलं नाय.”

पास्कूकाका खाटेचा दांडा धरून उभे राहिले. मला तिथे थांबवेना, मी बाहेर बाकावर जाऊन बसले आणि रडले.

त्यानंतर थोडे दिवस ते कामावर येत होते. पाचरी शोधायचं त्यांनी सोडलं. एक माणूस ट्रायलला आला तेव्हा मी आत निरोप दिला. ते बाहेर आलेच नाहीत. तिथूनच म्हणाले, “शेठना बगायला सांग. मना आता काय कलत नाय.” एवढा आवाज असलेला माणूस, पण ते वाक्य मला नीट ऐकायला पुढे वाकावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी येऊन बसत. मी म्हणायचे, काका, सायमन आपल्याकडे असता तरी झालं असतं, त्याला भीती नाही असं तुम्हीच म्हणत होता ना. पटावं म्हणून नाही, काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलायचे.

“व्हय,” ते एकदा म्हणाले. “हितं पन झालं असतं. पन मंग मी तितं असतो ना. त्याला पानी मी दिलं असतं.”

एके सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाही. भानुदास फोन करून थकला. शेवटी शेठने मला पाचूबंदरला पाठवलं. शेठ वाईट माणूस नाही. नव्या प्रेसला अजून माणूस मिळाला नव्हता, आणि त्यांच्या मनात एक गोष्ट आली होती. म्हणाले, “पास्कूभाईंना सांगा, या. आणि सायमनचा हात बरा झाला की त्यालाही आणा. आम्ही घेऊ त्याला प्रेसवर. तीन बोटं गेलेले किती जण काम करतात. आता तर तो सांभाळूनच करेल.” निरोप्याचं काम निरोप पोचवायचं.

दुपारची वेळ. मासळीचा लिलाव आटोपला होता, धक्क्यावर बायका टोपल्या धूत होत्या. घर शोधावं लागलं नाही, पास्कूकाकांचं नाव घेतल्यावर दोघीतिघी एकदम हात करून दाखवू लागल्या. दार उघडंच होतं. सून अजून बाजारातून आली नव्हती, पाळण्यात मूल झोपलेलं. बापलेक जमिनीवर समोरासमोर जेवायला बसले होते. ताट एकच. पाल्याचं कालवण आणि भात. पाला मासा चवीला राजा, पण त्यात काटे किती ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. सायमनचा उजवा हात गळ्यात बांधलेला. पास्कूकाका आपल्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी मासा उलगडत होते, एकेक काटा चाचपून ताटाच्या कडेला ठेवत होते, भाताबरोबर घास करत होते आणि मुलाच्या तोंडात देत होते. मिशा असलेला, बापाहून वीतभर उंच माणूस तोंड उघडून घास घेत होता.

“बस बाय,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “जेवशील?”

मी उंबऱ्याशी बसले आणि शेठचा निरोप सांगितला. सांगताना मला तो निरोप जड जात होता, म्हणून भराभर सांगून टाकला. पास्कूकाकांचा हात थांबला नाही. त्यांनी पुढचा घास केला, चाचपला, आणि मुलाकडे बघून विचारलं, “जाशील?”

सायमन गळ्यातल्या हाताकडे बघत राहिला. मग बापाच्या घास धरलेल्या हाताकडे.

“नको पप्पा,” तो म्हणाला. “मना भीती वाटते.”

दवाखान्यात ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं ते पास्कूकाका तिथे भाताचा घास हातात धरून रडू लागले. आवाज न करता, खांदे हलवत. सायमनचं तोंड उघडंच होतं. त्याने ते हळूच मिटलं, आणि बापाचं रडणं संपेपर्यंत तो घासाची वाट बघत बसून राहिला.